भाच्याने आणलेली फुकटची थीम लावू का?

वाईहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या आणि गल्लीतल्या सात-आठ जणी मिळून गोधड्या शिवतात, तीन वर्षं व्हॉट्सॲपवरच ऑर्डरी घेतल्या, आता दिवाळीच्या आत स्वतःची वेबसाईट हवी म्हणून वर्डप्रेस हे साईट बनवायचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स बसवलं, होस्टिंगचे वर्षाचे पैसेही भरून झाले. साईट चालते पण दिसायला अगदीच रुक्ष आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून थीम आणून दिलीये, विकत घ्यायची तर पाच-साडेपाच हजार पडतात ती फुकट, आणि दिसायला इतकी सुंदर की ताई लिहितात, "आमच्या गोधड्या तिच्यात एकदम मोठ्या दुकानातल्या वाटतात." भाच्याचं म्हणणं, यात चोरीबिरी काही नाही, लायसन्सच तसं असतं, शिवाय मी व्हायरस स्कॅनही केलंय. ताईंचं मन मात्र धजत नाहीये. त्यांचे प्रश्न तीन: ही थीम लावू का, नाहीतर फुकटातल्या साध्या थीम तरी सुरक्षित असतात का, आणि पैसे मोजून घेतली तर मग निर्धास्त राहता येतं का. पत्राच्या शेवटी अजून एक ओळ आहे: "त्याने एक दिवस लावून बघितली होती, मग काढून टाकली, तेवढ्याने काही होत नाही ना?"

ताई, नमस्कार.

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो, कारण पत्र वाचताना माझा जीव तिथेच अडकला. तेवढ्याने होऊ शकतं. झालंच असेल असं नाही, पण होऊ शकतं, आणि म्हणून नवी थीम कुठली घ्यायची हे ठरवायच्या आधी आहे ती साईट साफ करून घ्या. कशी ते पुढे सांगतो, आधी हे का म्हणतोय ते सांगतो, नाहीतर भाच्याला वाटेल की हे काका उगाच घाबरवतायत. आणि त्याला रागावू नका, त्याने तुमचे पैसे वाचावेत म्हणूनच केलंय.

"थीम" या शब्दाने सगळा घोळ होतो. आपल्याला वाटतं थीम म्हणजे रंग, फाँट, मांडणी, म्हणजे भिंतीला दिलेला रंग, नाही आवडला तर खरवडून दुसरा द्यायचा. वर्डप्रेसची थीम तशी नसते. तुम्ही ती झिप उघडून बघा, आत एक स्टाइल डॉट सीएसएस नावाची फाईल दिसेल, रंगरूप बहुतेक त्यात असतं. पण तिच्या शेजारीच फंक्शन्स डॉट पीएचपी नावाची फाईल असेल, आणि जुन्या पद्धतीच्या थीममध्ये अशा डझनावारी पीएचपी फाईली असतात. पीएचपी म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. थीम चालू केली की साईटचं पान उघडताना दर वेळी ती फंक्शन्स फाईल चालते आणि तिला साईटवरचं जवळपास सगळं करता येतं: डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाईलमध्ये लिहिलेला असतो ती वाचता येते, नवा ॲडमिन तयार करता येतो, तुमच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते-फोन नंबर बाहेर पाठवता येतात, पेमेंटच्या पानावर तुम्ही यूपीआयचा क्यूआर कोड लावला असेल तर तो बदलून स्वतःचा लावता येतो. पैसे जात राहतात, तुमच्या खात्यात येत नाहीत, आणि गिऱ्हाईक मात्र तुम्हाला फोन करून ओरडतं. भिंतीला रंग द्यायला आलेल्या माणसाच्या हातात आपण तिजोरीसकट सगळ्या किल्ल्या देऊन ठेवतो, आणि तो माणूस कोण हे टेलिग्रामच्या ग्रुपवरून आपल्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

मी हे जवळून बघितलंय म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाचा फोन आला, म्हणे पाहुणे सांगतात तुमच्या साईटवर घाणेरड्या जाहिराती दिसतात, पण आम्ही उघडली की काही दिसत नाही. मी पण माझ्या लॅपटॉपवर पत्ता टाईप करून उघडली, साईट स्वच्छ, आंब्याची झाडं, झोपाळा, सगळं जागेवर. मग मोबाईल घेतला, गूगलमध्ये नाव शोधलं आणि तिथून क्लिक केलं, तर दोन सेकंदांत भलत्याच पानावर गेलो, लॉटरी लागल्याचं काहीतरी. म्हणजे घुसलेल्या कोडने इतका विचार केला होता की थेट पत्ता टाईप करून येणारा म्हणजे बहुधा मालक, त्याला काही दाखवायचं नाही, गूगलवरून मोबाईलने येणारा म्हणजे परका माणूस, त्याला पळवायचं. दोन महिने हे चाललं होतं, बुकिंग का बंद झालं हे त्यांना कळेना, त्यांना वाटलं यंदा सीझनच मंदा. कारण निघालं हेच, कोणीतरी पुतण्याने फुकटात आणून दिलेली महागडी थीम.

अशा थीमला या धंद्यात नल्ड थीम म्हणतात, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून टाकलेली. आता भाच्याने जरा स्वतःला विचारावं, रोज शेकडो महागड्या थीम विकत घ्यायच्या, त्यांचं कुलूप काढायचं आणि फुकट वाटायच्या, हा उद्योग कोणी कशासाठी करेल? काही जण खरंच हौसेने करतही असतील, पण कोण कुठला हे बाहेरून ओळखता येत नाही. वर्डफेन्स या वर्डप्रेसच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाच्या प्रकाराचा सविस्तर अहवाल काढला होता, त्यात हा सगळा धंदाच उलगडून दाखवलाय. नल्ड थीममध्ये क्लास डॉट थीम-मॉड्यूल्स डॉट पीएचपी अशी एक फाईल घातलेली असायची, नाव अगदी निरुपद्रवी, थीमचाच भाग वाटावा असं. थीम चालू केली की ती पहिलं काम काय करायची, तर साईटवर पडलेल्या बाकीच्या सगळ्या थीमच्या फंक्शन्स फाईलमध्ये स्वतःची कॉपी घालायची, वर्डप्रेससोबत आलेल्या साध्या थीमसुद्धा सोडायची नाही, वर्डप्रेसच्या मूळ फोल्डरमध्ये एक फाईल टाकायची, आणि त्याच होस्टिंगवर तुमची दुसरी साईट असेल तर तिच्यातही उडी मारायची. हे सगळं लावल्याबरोबर. म्हणून "एक दिवस लावली आणि काढली" हे ऐकून मला धस्स झालं, कारण थीम काढून टाकली तरी तोवर ती बाकीच्यांत शिरलेली असू शकते. आणि पैसे कुठून, तर या साईटींवर जाहिराती दाखवून, शिवाय याच साईटींचा वापर करून गूगलवर त्यांची फुकट थीमची पानं वर आणायची, म्हणजे पुढचा भाचा "फ्री डाउनलोड" शोधायला गेला की पहिलं तेच सापडणार.

बरं, "मी व्हायरस स्कॅन केलंय" हा त्याचा मुद्दा. घरच्या कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस मुख्यतः त्या कॉम्प्युटरवर चालून नुकसान करणारी गोष्ट शोधतो, पीएचपीच्या हजारो ओळींत घुसवलेली एक ओळ त्याला दिसेलच याची काही खात्री नाही. २०१४ मध्ये फॉक्स-आयटी या डच कंपनीने क्रिप्टोपीएचपी नावाचा प्रकार उघडकीला आणला, वर्डप्रेस आणि त्याच्यासारखीच जूमला, ड्रुपल, अशा तिन्हीच्या नल्ड थीममध्ये आणि प्लगइनमध्ये (प्लगइन म्हणजे साईटला नवी सोय देणारा जोड-प्रोग्राम). त्यात थीमच्या एका फाईलमध्ये एकच छोटी ओळ जास्तीची होती, की सोशल डॉट पीएनजी ही फाईल चालव. पीएनजी म्हणजे चित्र ना? तर ते चित्र नव्हतंच, चित्राचं नाव दिलेला प्रोग्राम होता, आतमध्ये सगळा कोड गुंडाळून वाचता येऊ नये असा केलेला. तेवीस हजारांवर सर्व्हर तेव्हा त्यांच्या मोजणीत आले. कित्येकदा तर झिपमध्ये काहीच नसतं, फक्त "चालू झाल्यावर अमुक पत्त्यावरून पुढचा कोड आण" एवढीच ओळ असते, मग स्कॅन करणारा काय पकडणार.

लायसन्सबद्दल मात्र त्याचं अर्धं खरं आहे, आणि खरं आहे तिथे खरं म्हणायला पाहिजे. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं तेच जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कोड कोणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा अशी मुभा देणाऱ्या, आणि वर्डप्रेसवर चालणाऱ्या थीमचा पीएचपी कोडही त्याच लायसन्सचा मानला जातो, त्यामुळे विकत घेतलेल्याने तो दुसऱ्याला देणं दर वेळी बेकायदा असतंच असं नाही. काही विक्रेते चित्रं आणि सीएसएस वेगळ्या लायसन्सखाली ठेवतात, तिथे प्रश्न येतो. पण ताई, तुमची अडचण कायद्याची नाहीच. त्या झिपला मूळ बनवणाऱ्यानंतर कोणाकोणाचे हात लागले हे तुम्हाला माहीत नाही, आणि उद्या त्या थीममध्ये चोराला शिरता येईल असं भोक सापडलं तर दुरुस्तीची नवी आवृत्ती तुमच्यापर्यंत आणणारं कोणी नाही, ही तुमची अडचण. मूळ कंपनी तुम्हाला ओळखत नाही, टेलिग्रामवाला जबाबदार नाही. थीमचे पैसे आपण देतो ते माझ्या मते दिसण्याचे कमी आणि या पुढच्या सांभाळण्याचे जास्त.

आता साफसफाई. थीम लावली त्या दिवसाच्या आधीचा बॅकअप होस्टिंगवाल्याकडे असेल तर त्याला फोन करून तो परत टाकून घ्या, सगळ्यात सोपा मार्ग हाच. मधल्या काळात आलेल्या ऑर्डरी आधी वेगळ्या उतरवून ठेवा, त्या जातील. बॅकअप नसला तर वर्डप्रेसच्या मूळ फाईली नव्याने टाका, सगळ्या थीम आणि सगळी प्लगइन्स डिलीट करून अधिकृत जागेवरून परत घ्या, नुसतं बंद करून चालत नाही. फोटो जिथे साठतात त्या अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाईल आहे का बघायला सांगा, तिथे फोटोच असायला हवेत, त्यामुळे पीएचपी दिसली तर ती कशाला आली हे कळल्याशिवाय सोडू नका. युजर्सच्या यादीत तुम्ही आणि भाचा सोडून तिसरा ॲडमिन आहे का बघा. मग पासवर्ड, म्हणजे वर्डप्रेसचा, होस्टिंगचा, डेटाबेसचा, तिन्ही बदला, आणि वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमध्ये ज्या सॉल्ट नावाच्या आठ लांबलचक ओळी असतात त्या नव्या टाका, त्याने आधी लॉगिन करून बसलेला जो कोणी असेल तो बाहेर फेकला जातो. पेमेंट गेटवे जोडला असेल तर त्याच्या कीज नव्याने काढा. वर्डफेन्सचं फुकट प्लगइन टाकून एक स्कॅन करा, ते तुमच्या फाईली अधिकृत फाईलींशी ताडून बघतं आणि फरक दाखवतं. शेवटी मोबाईलवरून, गूगलमध्ये शोधून, दुसऱ्याच्या फोनवर, साईट उघडून बघा, त्या कोकणातल्या गोष्टीसाठी.

दुसरा प्रश्न मी तिसऱ्यानंतर घेतो, कारण "पैसे दिले की निर्धास्त" हा समज जास्त धोक्याचा आहे, पैसे दिलेला माणूस मग बघतच नाही.

२०११ च्या ऑगस्टमधली गोष्ट. टिमथंब नावाची एक छोटी स्क्रिप्ट होती, फोटो लहान-मोठा करून देणारी, तेव्हा फुकटच्या आणि विकतच्या कितीतरी थीममध्ये ती आतच घातलेली असायची, साईटवाल्याला तिचं नावही माहीत नसायचं. ती बाहेरच्या काही ठराविक साईटवरून फोटो आणू द्यायची, फ्लिकर, ब्लॉगर वगैरे, पण पत्ता तपासताना ती फक्त त्यात "ब्लॉगर डॉट कॉम" हे शब्द कुठेतरी आहेत का एवढंच बघायची. मग चोराने काय करावं, स्वतःच्या डोमेनच्या पुढे ब्लॉगर डॉट कॉम हे शब्द जोडून पत्ता बनवला, तपासणी पास, आणि फोटोच्या नावाखाली त्याचा प्रोग्राम थेट तुमच्या सर्व्हरवर. मार्क मॉन्डर या माणसाच्या स्वतःच्या ब्लॉगवर अचानक जाहिराती दिसायला लागल्या, त्याने माग काढत काढत हे शोधलं, वर्डफेन्स त्यानेच नंतर काढलं. यातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की ज्यांनी ती थीम बंद करून नुसती सर्व्हरवर ठेवली होती त्यांनाही धोका होताच, कारण फाईल तिथे होती आणि बाहेरून तिचा पत्ता लावता येत होता. म्हणून न वापरलेल्या थीम साठवू नका, एक चालू आणि अडचणीला एक वर्डप्रेसची स्वतःची, बाकी डिलीट.

याहून शिकण्यासारखी गोष्ट स्लायडर रिव्होल्यूशनची आहे. वरती सरकणारे फोटो दाखवणारं हे विकतचं प्लगइन, खूप लोकप्रिय, आणि विकतच्या थीमवाले ते "सोबत मोफत" म्हणून द्यायचे. त्यात भोक होतं, दुरुस्ती फेब्रुवारी २०१४ मध्येच निघाली, ज्यांनी प्लगइन थेट विकत घेतलेलं त्यांना अपडेट मिळायचं. पण ज्यांना ते थीमच्या पोटातून मिळालं होतं त्यांना अपडेट थीमवाल्याने दिला तर, नाही दिला तर नाही, आणि बहुतेकांना आपल्याकडे हे प्लगइन आहे याचाच पत्ता नव्हता. सप्टेंबरमध्ये भोक जाहीर झालं, डिसेंबरमध्ये सोकसोक नावाचा हल्ला आला आणि गूगलने अकरा हजारांवर डोमेन धोक्याच्या यादीत टाकली. या सगळ्यांत कितीतरी जणांनी प्रामाणिकपणे पैसे मोजून थीम घेतली होती. तेव्हा जाहिरातीत "अमुक हजारांची पाच प्लगइन्स मोफत" असं दिसलं की मला तरी ती सवलत वाटत नाही, उलट प्रत्येकाचा अपडेट कोण देणार हा प्रश्न तिथे विचारायला पाहिजे.

आणि अजून एक, यात तर ना नल्डचा दोष ना जुनेपणाचा. ॲक्सेसप्रेस थीम्स ही नेपाळमधली कंपनी, चांगलं नाव असलेली. सप्टेंबर २०२१ मध्ये कोणीतरी त्यांच्या वेबसाईटमध्येच शिरून त्यांच्या ४० थीम आणि ५३ प्लगइनमध्ये मागचं दार बसवलं, हे जेटपॅक या वर्डप्रेसच्या प्लगइनवाल्यांच्या संशोधकांच्या लक्षात आलं आणि जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. ज्यांनी कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून डाउनलोड केलं ते कचाट्यात सापडले, ज्यांनी तीच थीम वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातून, म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या डिरेक्टरीतून घेतली त्यांची कॉपी स्वच्छ होती. थीम तीच, कंपनी तीच, दुकान वेगळं.

तर आता तुमचा फुकटच्या थीमचा प्रश्न. टेलिग्रामवरचं फुकट आणि वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतलं फुकट या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. डिरेक्टरीत थीम येण्याआधी ती तपासली जाते, कोड लपवलेला चालत नाही, लायसन्स जीपीएलला धरून लागतं, तळाशी स्वतःच्या जाहिरातीच्या लिंकांची माळ लावू देत नाहीत. पण तिथेही सुरुवातीला जितकं बारीक बघतात तितकं पुढच्या प्रत्येक अपडेटला बघत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि चांगली थीमसुद्धा बनवणाऱ्याने वाऱ्यावर सोडली की दोन-तीन वर्षांत धोक्याची होते. म्हणून थीमच्या पानावर मी आधी फोटो बघतच नाही, शेवटचं अपडेट कधी झालं ते बघतो, मग किती साईटींवर चालू आहे, मग सपोर्टमध्ये लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं आलीत का. विकतची घेताना तर एक सोपं काम करा, पैसे द्यायच्या आधी त्यांना एक खराखुरा प्रश्न लिहून पाठवा, "मराठी मजकुरासाठी फाँट बदलता येतो का" असा, आणि उत्तर किती दिवसांत येतं बघा. पैसे घ्यायच्या आधी ज्याला वेळ नाही त्याला नंतर कुठून होणार. आणि एका लायसन्सवर बहुधा एकच साईट चालते, सपोर्ट काही महिन्यांचाच असतो, पुढे वाढवायला पैसे पडतात, हेही धरून हिशोब करा.

सुरक्षेचं एवढं झालं, पण त्या सुंदर थीमबद्दल मला अजून एक सांगायचंय, ती अगदी स्वच्छ असती तरी मी तुम्हाला नको म्हटलं असतं. डेमो सुंदर दिसतो तो फोटोंमुळे. स्टुडिओत काढलेले, एकसारख्या प्रकाशातले, मापात कापलेले फोटो आणि इंग्रजीतली दोन-दोन शब्दांची हेडिंगं. त्याच जागी आपला अंगणात काढलेला उभा फोटो आणि "नऊवारी लुगड्याची चौघडी गोधडी" असं नाव आलं की मांडणी कोलमडते, आणि मग वाटतं आपलंच काही चुकलं. एकदा त्या थीमच्या डेमोचा पत्ता गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाकून मोबाईलचे आकडे बघा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला अडीच सेकंदांच्या आत व्हायला हवं असं गूगल म्हणतं, या सगळं-काही-येणाऱ्या थीमचे डेमो कित्येकदा त्याच्या दुपटीतिपटीने घेतात, स्लायडर, हलणारी अक्षरं, तीन-चार फाँट. तुमचं गिऱ्हाईक एसटीत बसून एका काडीच्या रेंजवर साईट उघडणार आहे.

मराठी अक्षरांचं तर वेगळंच दुखणं आहे, त्याबद्दल थीमवाले अवाक्षर काढत नाहीत. इंग्रजी हेडिंग ऐटबाज दिसावं म्हणून डिझायनर अक्षरांमध्ये जागा सोडतो. तेच सेटिंग देवनागरीला लागलं की शिरोरेखा तुटते, "गोधडी" या शब्दाचे तीन सुटे तुकडे दिसतात, दोरा उसवल्यासारखे. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं असेल तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, "सर्व" वाचताना "सव" वाटतं. आणि थीमच्या फाँटमध्ये देवनागरी नसलीच तर फोन स्वतःचा फाँट लावतो, मग इंग्रजी एका वळणाचं, मराठी दुसऱ्याच, किंमत तिसऱ्या. म्हणून थीम निवडताना डेमोवर भुलू नका, टेस्टच्या साईटवर टाकून आपले दहा मराठी शब्द, रफार-वेलांट्या-जोडाक्षरांचे, हेडिंगमध्ये टाकून मोबाईलवर बघा. फाँट मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता घ्या, फुकट आहे आणि बारीक आकारातही छान वाचता येतो, पॉपिन्समध्येही देवनागरी आहे. आणि सेटिंगमध्ये साईटची भाषा मराठी ठेवायला विसरू नका, काही फाँटमध्ये आपला पाकळीचा ल आणि देठाचा श त्याशिवाय येतच नाही, हिंदी वळणाचा येतो.

अजून एक गोष्ट, जी लोकांना दोन वर्षांनी कळते. या मोठ्या थीमांमध्ये पानं त्यांच्या स्वतःच्या पेज बिल्डरने बनवायची असतात. पुढे थीम बदलायची म्हटली की पानावर तुमच्या मजकुराऐवजी चौकोनी कंसातले कोड जागोजागी पडलेले दिसतात, प्रत्येक पान हाताने नीट करावं लागतं. चाळीस गोधड्यांची चाळीस पानं असतील तर विचार करा.

भाच्यासाठी एक जोड, त्याला लिनक्सची आवड असेल तर पटकन पटेल. मार्च २०२४ मध्ये एका माणसाने केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी त्यांच्याच अधिकृत स्टोअरमधून एक थीम उतरवली, लावली, आणि त्याच्या कॉम्प्युटरवरच्या फाईली उडाल्या, जोडलेल्या ड्राइव्हवरच्या सुद्धा. बनवणाऱ्याचा वाईट हेतू होता असंही नाही, कोडमध्ये चूक होती, पण "ग्लोबल थीम" या गोंडस नावाखाली वाटेल ती कमांड चालू शकते हे लावणाऱ्याला कुठे ठाऊक होतं. केडीईवाल्यांनाही मग लोकांना बजावून सांगावं लागलं की थीम म्हणजे कोड आहे, जपून लावा.

तुमच्या जागी मी असतो तर वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीची एखादी ब्लॉक थीम घेतली असती, ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हसारखी, नाहीतर वूकॉमर्सवाल्यांचीच स्टोअरफ्रंट. ब्लॉक थीममध्ये बरंचसं काम साध्या एचटीएमएल साच्यांवर आणि एका सेटिंगच्या फाईलवर चालतं, पीएचपी अगदी थोडं, त्यामुळे बिघडायला आणि घुसायला जागाही थोडी. दिसायला त्या साध्या आहेत हे मान्य. पण तुमच्याकडे रंग कमी आहेत का? एकेका गोधडीत पंधरा चिटांचे तुकडे असतात, मागे पांढरी, मोकळी जागा असली तरच ते उठून दिसतात, मागची थीमच भडक असली तर गोधडी हरवते. थीमचे वाचलेले पाच हजार फोटोंवर घाला, सकाळच्या सावलीत, एकाच भिंतीसमोर, आणि प्रत्येक गोधडीचा एक फोटो इतका जवळून की टाका दिसला पाहिजे. थीमच्या पानावर ऑटो अपडेटची सोय वर्डप्रेस ५.५ पासून आहे, ती चालू ठेवा. भाच्याला कोडमध्ये काही बदल करायची हौस असेल तर चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला हात न लावता तिच्यावर बसवलेल्या छोट्या थीममध्ये, करायला सांगा, म्हणजे अपडेटने त्याची मेहनत पुसली जाणार नाही.

आणि विकतची घ्यायचीच झाली, पुढेमागे धंदा वाढल्यावर घ्याल सुद्धा, तर बनवणाऱ्याच्या नाहीतर त्याने ठरवलेल्या दुकानातूनच, तुमच्या नावाच्या अकाउंटवर, बिल तुमच्या ईमेलवर. भाच्याच्या अकाउंटवर नको, तो उद्या नोकरीला बेंगळुरूला जाईल आणि अपडेटची किल्ली त्याच्याकडे राहील.

भाचा रविवारी येणार म्हणालात. त्या दिवशी थीम निवडायला बसू नका, आधी होस्टिंगवाल्याला फोन लावून बॅकअप कुठल्या तारखांचे आहेत ते विचारा, थीम लावली त्याच्या आधीची तारीख निघाली तर अर्धं काम तिथेच झालं. बरेच होस्टिंगवाले ठराविक दिवसांचेच बॅकअप ठेवतात, म्हणून खरं तर रविवारपर्यंतही थांबू नका, उद्या सकाळीच फोन करा. आणि साफ झाल्यावर काही अडलं तर परत लिहा, काय काय सापडलं तेही कळवा.